घारे डोळे पणजीचे, पण एकट्या पणजीचे नव्हेत

तुझा प्रश्न थोडक्यात असा: नवरा-बायको दोघांचे डोळे काळेभोर, सात महिन्यांच्या लेकीचे मात्र घारे. सासूबाई म्हणतात, 'आमच्याकडून आलेत, ह्यांच्या आई घाऱ्या होत्या.' आणि बारशाला कुणीतरी नको तो विनोद केला.

मी नौपाड्यात राहते. पंचवीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी विनोदाचं बघू. गडद डोळ्यांच्या जोडप्याला फिकट डोळ्यांचं मूल होणं यात नवल काहीच नाही. फिकट रंगाची जनुकं गडद रंगाच्या मागे दडून दोन-तीन पिढ्या सहज प्रवास करतात. पणजीकडून अशा जनुकाची एक प्रत तुझ्या सासऱ्यांना मिळाली, त्यांच्याकडून तुझ्या नवऱ्याला. दोघांचेही डोळे काळे, कारण दुसरी प्रत गडद रंगाची.

पण सासूबाईंचं गणित इथे अर्धंच आहे. पुस्तकी हिशेबाने घारा रंग उघडा पडायला बहुधा दोन प्रती लागतात, एक आईची आणि एक बापाची. म्हणजे तुझ्या माहेरचाही वाटा आहे, फक्त तिथे कुणी तो मिरवत नाही! याच हिशेबाने पुढच्या बाळाचे डोळे घारे असण्याची शक्यता चारात एक.

हा हिशेब 1907 सालचा, डेव्हनपोर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञ दांपत्याचा: तपकिरी प्रभावी (एका प्रतीनेही दिसणारा), निळा अप्रभावी (दोन प्रती असल्या तरच दिसणारा). शाळेत अजून तोच चालतो. मीही चालवला, आणि एकदा चांगलीच तोंडघशी पडले. मुलांना घरच्यांच्या डोळ्यांचा तक्ता करून आणायला सांगितलं होतं. एका मुलीचे आई-बाप दोघे घारे, ती स्वतः गडद तपकिरी. तक्त्यात ते बसेना. वर्गात कुणीतरी खिदळलं आणि ती रडत घरी गेली. चूक तक्त्याची होती, आणि तो करायला लावणारी मी होते. फिकट डोळ्यांच्या जोडप्याला गडद डोळ्यांचं मूल क्वचित का होईना, होतं. त्यानंतर मी तो गृहपाठ कधी दिला नाही.

खरी यंत्रणा गुंतागुंतीची आहे. पंधराव्या गुणसूत्रावर ओसीए-2 नावाचं जनुक आहे. बुबुळात मेलॅनिन, म्हणजे गडद रंगद्रव्य, किती तयार व्हावं यात त्याचा मोठा हात. त्याच्या शेजारच्या एचईआरसी-2 मध्ये एक छोटा बदल असतो, तो ओसीए-2 चा नळ जवळजवळ बंद करतो. हे 2008 मध्ये कोपनहेगनच्या हान्स आयबर्ग यांच्या चमूने दाखवलं. पण हा नळ एकटा नाही. 2021 मध्ये सुमारे 1,95,000 लोकांच्या अभ्यासात डोळ्यांच्या रंगाशी जोडलेल्या जनुकीय जागा 61 निघाल्या. घारा हा तर मधलाच रंग, थोडं मेलॅनिन असलेला. म्हणून वरचं 'चारात एक' फार ताणू नकोस, आणि रंगावरून बाप तर कुणीच ठरवू नये.

निळ्या डोळ्यांत निळा रंग नसतोच, हे मला अजूनही गमतीचं वाटतं. पेलाभर पाण्यात दुधाचे चार थेंब टाक, मागे काळं कापड धर आणि बाजूने टॉर्च मार. पाणी निळसर दिसेल. मेलॅनिन नसलेल्या बुबुळात प्रकाश असाच विखुरतो.

'घारे म्हणजे कोकणस्थच' हे आमच्या गल्लीत हमखास ऐकू येतं. त्यांच्यात घारे डोळे जास्त दिसतात अशी ख्याती आहे खरी, पण इतर समाजांतही ते आहेत. जनुक आडनाव विचारत नाही. गरोदरपणी केशर-दूध प्यायल्याने रंग बदलतो म्हणतात, तेही सोडून दे.

शिवाय सात महिने म्हणजे घाई झाली. मेलॅनिन पहिलं वर्षभर साठत जातं, कधी तीन वर्षांपर्यंतही. आज घारे दिसणारे डोळे पुढे मधाळ तपकिरी होऊ शकतात. डोळे गडद व्हावेत म्हणून काजळ मात्र घालू नकोस. त्याने रंग बदलत नाही आणि काही काजळांत शिसं असतं.

डॉक्टरांकडे जायची कारणं वेगळी आहेत: दोन डोळ्यांचे रंग वेगवेगळे दिसणं, डोळे मोठे आणि धुरकट वाटणं, किंवा फ्लॅशच्या फोटोत बाहुली पांढरी चमकणं. शेवटचं दिसलं तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव.

आणि हो, तुझ्या आईला विचार, तिच्या माहेरी कुणी घारं होतं का. जुने फोटो कृष्णधवल असतील, तरी फिकट बुबुळं त्यात ओळखू येतात. कुणी सापडलं तर इथे नक्की कळव, आणि सासूबाईंनाही.