मुलीच्या एमबीएसाठी दोन एकर वावर विकावं का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमची 6 एकर कोरडवाहू शेती आहे. मुलगी बी.कॉम. झाली, एमबीएच्या सीईटीत 88 पर्सेंटाइल आहेत. पुण्याच्या एका खासगी अभिमत विद्यापीठात पुढच्या आठवड्यात तिची मुलाखत आहे. फी, होस्टेल, मेस धरून दोन वर्षांचा खर्च 14 लाख. नागपूरच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातही नंबर लागेल असं ती म्हणते. आम्ही ओबीसी, वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत. दोन एकर विकले तर 16 लाख येतील. विकावं की कर्ज काढावं?

भाऊ, दोन एकर वावर विकू नका. मुलाखत मात्र तिला जरूर देऊ द्या.

आधी नागपूरचं पाहू, कारण तिथे तुमच्या हक्काचे पैसे आहेत. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी आहे. मुख्य अट पक्की : प्रवेश कॅप फेरीतूनच, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच हवा. तेच कॉलेज, तोच वर्ग, पण जागा व्यवस्थापन कोट्यातून घेतली की माफी गेली. खासगी अभिमत विद्यापीठं या योजनेतच नाहीत, म्हणून पुण्यात एक रुपयाही सुटणार नाही. नागपुरात उरतो तो राहण्या-जेवणाचा आणि किरकोळ शुल्काचा खर्च. महिना 8-9 हजार धरले तर दोन वर्षांत दोन लाखांच्या आसपास.

पुण्यासाठी कर्ज काढायचं तर साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही, त्यापुढे लागतं. शेतजमीन तारण म्हणून बँका बहुतेक नाकारतात, कारण सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली ती विकून वसुली करता येत नाही. गावातलं नमुना 8 वरचं, म्हणजे ग्रामपंचायतीच्या नोंदीवरचं घरही बऱ्याच शाखा घेत नाहीत. म्हणजे उरलेले साडेसहा लाख वावरातूनच काढावे लागणार. शिवाय सहकर्जदार तुम्ही असाल. पीककर्ज थकीत असेल तर फाइल तिथेच अडते.

आता हप्ता. साडेसात लाख, व्याज 10 टक्के, दर वर्षी निम्मी उचल. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढतं : सुमारे 1 लाख 90 हजार. मग 9 लाख 40 हजारांवर दहा वर्षं, महिन्याला जवळपास 12,400. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असल्यामुळे केंद्राची व्याजसवलत मिळू शकते; तिचं विद्यापीठ त्यात बसतं का, हे बँकेकडून लेखी घ्या. हप्ता हातात येणाऱ्या पगाराच्या पावभागापेक्षा जास्त नको. म्हणजे पगार हातात 50 हजार तरी हवा.

तो मिळेल का, हे मुलाखतीतच विचारायचं. सरासरी पगार विचारू नका. पाच मुलांना 4, 4, 5, 5 आणि 22 लाख मिळाले तर सरासरी 8 येते, पण रांगेतल्या मधल्या मुलाचा पगार 5 लाखच. तो मधला आकडा विचारायचा. वर्गात किती मुलं होती, प्लेसमेंटला किती बसली, किती जणांना फिरती विक्रीची नोकरी मिळाली, हेही. उत्तर गोलगोल आलं तर तोच निकाल समजा.

तिच्या बाजूने तयारी : "बी.कॉम.नंतर एमबीए का?" याचं पाठ केलेलं उत्तर पहिल्या उपप्रश्नालाच तुटतं. घरची शेती कळली की पॅनेल कापसावर येतं. 2025-26 चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. क्विंटलभर कापसातून साधारण 33 ते 35 किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी. मग रुईचा आणि सरकीचा भाव धरून जिनिंगवाला, म्हणजे कापसातून रुई वेगळी करणारा, किती देऊ शकतो, हे तिने कागदावर मांडून दाखवावं. दारव्ह्याच्या बाजार समितीत हमीभावापेक्षा कमी दर का मिळतो, याचं खरं उत्तर तिच्याकडे आहे. ते सांगताना लाजू नये.

निवड झाली की आठवड्यात पैसे भरा म्हणतील. परताव्याची तारीख आणि रक्कम लेखी मिळेपर्यंत काही भरू नका, मूळ गुणपत्रिका तपासून परत घ्या. कागदावरचा पगार हातात पूर्ण येत नाही आणि वावरातले साडेसहा लाखही भरून निघायला हवेत, म्हणून मधला पगार वर्षाला 9 लाखांच्या खाली असेल तर पुणे सोडा आणि नागपूर घ्या. नागपूरचं कॉलेजही मनासारखं नसेल तर एक वर्ष नोकरी करून नोव्हेंबरातली कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा द्यावी. आयआयएमच्या प्रवेशपत्रावर बँका मोठं कर्जही बिनतारण देतात.

या सोमवारी तहसीलला जाऊन उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेयर काढा, जात वैधता नसेल तर अर्जाची पावती तरी हातात ठेवा, आणि तिचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही पाहा.