आता काही टेन्शन नाही

प्रिय बाळा,

जय ख्रिस्त.

परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगितलंस. केळीला बरा भाव लागला, ट्रॅक्टरचं कर्ज फिटलं, जळगावला प्लॉट घेतला, वर एफडीही केली. आणि फोन ठेवताना म्हणालास, "नाना, आता काही टेन्शन नाही." आनंद झाला रे, खरंच. तुझ्या बापाने उधारीवर खत आणून बाग जगवलेली मी पाहिली आहे. पण तुझं ते शेवटचं वाक्य काही डोक्यातून जाईना. रात्री बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा बारावा अध्याय काढून बसलो.

धनवानाचा तो दाखला संडे स्कूलमध्ये तुझा पाठ होता. आता सोळाव्या वचनापासून पुन्हा वाच. त्या माणसाने कुणाला लुबाडलं, काटा मारला, असं प्रभू येशू कुठेच म्हणत नाही. जमिनीला भरघोस पीक आलं, एवढंच. पण तो बोलतो कुणाशी बघ. स्वतःशीच! माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, शेवटी माझा जीव. त्या सगळ्या विचारात ना बायको, ना बांधावरचा शेजारी, ना शेतात राबलेला गडी. मग जिवाला सांगतो, पुष्कळ वर्षांची बेगमी झाली, आराम कर, खा, पी. तुझं 'टेन्शन नाही' ते हेच. देव त्याला चोर म्हणत नाही, मूर्ख म्हणतो.

आता माझं ऐक. माझी लाल कापडी बांधणीची हिशोबाची वही तुला ठाऊक आहे. ज्या वर्षी बोअर आटलं, त्या वर्षी प्रत्येक महिन्याच्या पानावर पहिली ओळ दशांशाची, कमाईतल्या देवाच्या दहाव्या हिश्शाची आहे. कुठे 40 रुपये, कुठे 25. पुढे भाव सापडला, घरावर स्लॅब टाकला, त्या वर्षीच्या पानांवर त्याच जागी मी लिहिलंय, 'नंतर'. सलग सात पानं, माझ्याच अक्षरात. बुधवारची प्रार्थनासभाही तेव्हाच सुटली. व्यापाऱ्याची गाडी नेमकी बुधवारीच भरायची असते, हे कारण मला फार सोयीचं होतं.

त्याच जूनमध्ये वादळ आलं. घड लागलेली बाग अर्ध्या तासात आडवी झाली, टेकूंसकट. ती शिक्षा होती असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. रोज पहाटे गुडघ्यावर असणाऱ्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची बागही तेव्हाच झोपली. मला लाज वाटली ती वेगळ्याची. मी आधी व्यापाऱ्याला फोन लावला, मग विम्यासाठी धावलो, मग पंचनाम्यासाठी. आपण अजून प्रार्थना केलेली नाही, हे ध्यानात आलं चौथ्या दिवशी. त्या बाई मात्र पहिल्याच संध्याकाळी आमच्याकडे भाकरीचा डबा घेऊन आल्या होत्या.

लावदिकीयाच्या मंडळीला लिहिलेलं पत्रही वाच, प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. ते गाव पैशाचं, काळ्या मऊ लोकरीसाठी नावाजलेलं. इसवी सन 60 मध्ये भूकंपाने पडलं आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने तशी नोंद ठेवली आहे. तिथली मंडळीही म्हणू लागली, मला काही उणं नाही. प्रभू त्यांना उघडं म्हणतो. लोकरीच्या गावाला! आणि कोमट म्हणतो. शेजारी हिएरापलीला गरम पाण्याचे झरे होते, कलस्सैला थंड पाणी. अडावदजवळच्या उनपदेवचं पाणी अंग शेकायला बरं, माठातलं प्यायला बरं. मे महिन्यात नळीतून येतं ते कुणी तोंडात धरतं का?

पैसा टाकून दे असं मी सांगत नाही. प्रेषित पौलही पत्रात तीमथ्याला तसं सांगत नाही. धनवानांनी चंचल धनावर आशा ठेवू नये, एवढंच म्हणतो. एफडी राहू दे. पण घड वाहणाऱ्या पोरांची मजुरी व्यापाऱ्याचे पैसे यायची वाट न बघता चुकती कर. कापणी करणाऱ्यांच्या अडवलेल्या मजुरीबद्दल याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात काय लिहिलंय ते वाचलंस की मी का बजावतोय ते कळेल. आणि नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायातली आगूरची प्रार्थना रोज म्हण: दारिद्र्य देऊ नको, श्रीमंतीही देऊ नको. मला ती आजही मोकळ्या मनाने म्हणता येत नाही. दुसऱ्या अर्ध्याला जीभ अडखळते.

त्या लावदिकीयाच्या पत्राच्या शेवटी प्रभू दाराशी उभा राहून ठोठावतोय. ते दार मंडळीचंच आहे, हे मला फार उशिरा दिसलं.

रविवारी उपासनेला ये. बामणोदची वांगी आली आहेत, तुझी काकू भरीत करेल, दादर ज्वारीची भाकरी आहेच. येताना तुझी वही आण. मोबाईलमध्ये असेल तर मोबाईल आण. पहिल्या ओळीत काय लिहिलंय ते बघू.

तुझा,
नाना