कोल्हापूरच्या मुलीला फुटबॉलमध्ये पुढे जायला देशात वाट आहे का?

आहे, पण अरुंद. महिलांची राष्ट्रीय लीग 2017 मध्ये सुरू झाली. आधी ती एकाच शहरात उरकायची, 2023-24 पासून होम-अवे झाली (एक सामना आपल्या मैदानावर, एक प्रतिस्पर्ध्याच्या), म्हणजे खेळाडूला हंगामभर सामने मिळू लागले. 2019 च्या लीगमध्ये आपलं एफसी कोल्हापूर सिटीही होतं. 2025 ला तर भारताच्या मुली थायलंडला 2-1 ने हरवून आशियाई चषकाला पात्र ठरल्या. घोडं अडतं ते खाली. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ असा सामना म्हटलं की पाय ठेवायला जागा नसते, पण पेठांतल्या तालमींचं फुटबॉल मुख्यतः पोरांचं. म्हणून मुलींना शालेय स्पर्धा, मग जिल्हा आणि राज्य निवड चाचणी हाच खरा रस्ता. शाळेत मुलींचा संघ नुसता कागदावर नाही ना, हे आधी बघा.