विचारा की! : पीएचडी एन्ट्रन्सचं इंग्रजी, शब्द पाठ करू की उतारे वाचू?

प्रश्न : नमस्कार ताई, एमएस्सी होऊन बरीच वर्षं झाली, आता नोकरी सांभाळून पीएचडीच्या एन्ट्रन्सला बसतेय. विषयाचं टेन्शन नाही, इंग्रजीच्या पेपरचं आहे. शब्दांची एक भली मोठी यादी डाउनलोड केलीय, पण बी वर पोचेपर्यंत ए चे सगळे शब्द उडून जातात. आणि उतारा वाचताना तर गंमतच, जवळपास सगळे शब्द कळतात तरी उत्तर चुकतं! नेमकं काय करू?

उत्तर : आधी ती यादी मिटून ठेवा. एबीसीडीच्या क्रमाने पाठ करणं हाच मुळात घोळ आहे कारण दिसायला सारखे शब्द एकापाठोपाठ येतात आणि एकमेकांत मिसळतात, अ‍ॅडव्हर्स कुठला आणि अ‍ॅव्हर्स कुठला हे मग परीक्षेतच आठवत बसायचं. शब्द उडून जातात याचंही वाईट वाटून घेऊ नका, हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली हे मांडलंय की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणजे उजळणी लवकर हवी आणि नंतर अंतर वाढवत न्यायची. एकाच रविवारी शंभर शब्द रटले तर पुढच्या रविवारपर्यंत त्यातले थोडेच हाताशी राहतात.

मग कुठले शब्द करायचे? अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड या न्यूझीलंडमधल्या संशोधक बाईंनी २००० साली अ‍ॅकॅडमिक वर्ड लिस्ट काढली, वेगवेगळ्या विषयांचा मिळून सुमारे ३५ लाख शब्दांचा अभ्यासाचा मजकूर चाळून. त्यात फक्त ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेले शब्द) आहेत, पण अभ्यासाच्या लिखाणातले साधारण १० टक्के शब्द या एवढ्यातूनच येतात. कथा-कादंबऱ्यांत हेच प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली आहे, म्हणून नुसत्या कादंबऱ्या वाचून ही तयारी होत नाही, भले तुम्ही कितीही वाचा. ही यादी नेटवर सहज मिळते आणि वापरानुसार टप्प्यांत लावलेली आहे, जास्त येणारे शब्द आधी. तिथून सुरू करा.

कार्ड करा, कागदाची करा नाहीतर अंकीसारखं कार्डांचं अ‍ॅप घ्या, पण एका बाजूला नुसता शब्द लिहू नका, जिथे वाचला ते अख्खं वाक्य लिहा. डब्यांची जुनी पद्धत आहे, उत्तर आलं की कार्ड पुढच्या डब्यात, चुकलं की परत पहिल्या डब्यात, आणि पुढचे डबे जास्त दिवसांनी उघडायचे. मागची बाजू बघायच्या आधी उत्तर तोंडाने म्हणायचंच हं, नुसती नजर फिरवली की सगळं येतंय असं वाटतं आणि पेपरात दांडी गुल होते.

एक गोष्ट याद्यांमध्ये कधीच नीट सांगत नाहीत. परीक्षेत अवघड शब्दांपेक्षा सोपे दिसणारे शब्दच जास्त फसवतात. क्वालिफाय म्हणजे पात्र ठरणं हे सगळ्यांना माहितीये, पण लेखक आपलं विधान क्वालिफाय करतो म्हणजे तो त्याला मर्यादा घालतो, जरा सौम्य करतो. एखादी शक्यता डिस्काउंट करणं म्हणजे ती जमेस न धरणं. चेक म्हणजे तपासणं तसंच लगाम घालणंही, आणि सँक्शन तर परवानगीही असतं आणि निर्बंधही, पुढचं-मागचं वाक्य बघूनच ठरवायचं. तुम्ही म्हणता ना की सगळे शब्द कळतात तरी उत्तर चुकतं, त्यातली बरीच उत्तरं इथेच चुकत असणार. अशा शब्दांची वेगळी वही करा.

आता उताऱ्याकडे या. समजा उतारा असा आहे (मी मराठीतच देते, मुद्दा कळायला) : "झाडांमुळे शहरांचं तापमान कमी होतं असं बहुतेक अभ्यास सांगतात. मात्र यातले बरेच अभ्यास दिवसाच्या तापमानावर बेतलेले आहेत. रात्री दाट पानोळा जमिनीतून निघणारी उष्णता काही प्रमाणात अडवूनही ठेवू शकतो. अर्थात म्हणून झाडं लावूच नयेत असं नाही." प्रश्न, लेखकाचा मुख्य मुद्दा काय? पर्याय असे : पहिला, झाडांमुळे शहरं थंड होतात. दुसरा, झाडांमुळे शहरं नेहमीच तापतात. तिसरा, झाडांमुळे शहरातली हवा शुद्ध होते. चौथा, झाडांच्या परिणामाबद्दलचा नेहमीचा निष्कर्ष रात्रीला तसाच लावता येईलच असं नाही.

पहिला पर्याय उताऱ्यात आहे पण ते इतरांचं मत आहे, लेखक ते सांगून पुढे सरकलाय. दुसऱ्यात "नेहमीच" आलं तिथेच तो गेला. तिसरा खराच आहे, पण उताऱ्यात कुठेय? विषय येणाऱ्या माणसांना हाच पर्याय खड्ड्यात घालतो, आपलं ज्ञान मध्ये येतं. उत्तर चौथं, आणि ते सापडतं "मात्र" या एका शब्दावर. इंग्रजीत हाउएव्हर, येट, नेव्हरदलेस, ऑलदो दिसलं की पेन्सिलने गोल करा, बहुतेक वेळा लेखकाचं खरं म्हणणं तिथूनच सुरू होतं. आणि "अर्थात" ने सुरू होणारं शेवटचं वाक्य सांगतं की लेखक टोकाला गेलेला नाही, म्हणून टोकाचा पर्याय घ्यायचा नाही.

सराव करताना प्रत्येक चुकलेल्या उत्तरापुढे कारण लिहा : शब्द अडला, लेखकाच्या आणि दुसऱ्याच्या मतात गल्लत झाली, की बाहेरचं ज्ञान वापरलं. उतारे सोडवत सुटण्यापेक्षा हे दहापट कामाचं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. वाचायला रोज काहीतरी तुमच्या विषयाबाहेरचं घ्या, तुम्ही सायन्सच्या असाल तर इतिहास, अर्थशास्त्र, कलासमीक्षा. परिच्छेद संपला की बाजूला एका ओळीत मराठीत लिहायचं की लेखक इथे काय करतोय, उदाहरण देतोय, खोडतोय की शंका काढतोय.

वेगाचं म्हणाल तर स्पीड रीडिंगच्या कोर्सवर पैसे घालवू नका. इंग्रजी मातृभाषा असलेली मोठी माणसंसुद्धा माहितीपर मजकूर मनात वाचताना सरासरी मिनिटाला २३८ च्या आसपास शब्द वाचतात, त्यामुळे हजाराच्या जाहिराती सोडून द्या. बहुतेकांचा वेळ वाचण्यात जात नाहीच, दोन पर्यायांत घुटमळण्यात जातो.

प्रश्न : ताई, मला परदेशात पीएचडी करायचीय, त्यासाठीची जीआरई ही प्रवेश परीक्षा देणार आहे. दादाचं खूप जुनं पुस्तक घरात आहे, विरुद्धार्थी शब्द आणि अ‍ॅनॉलॉजीने (शब्दजोड्यांमधलं नातं ओळखायचे प्रश्न) भरलेलं. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. हे दोन्ही प्रकार २०११ मध्येच परीक्षेतून गेले. सप्टेंबर २०२३ पासून तर परीक्षा आणखी आखूड झालीय, व्हर्बलचे म्हणजे इंग्रजीच्या प्रश्नांचे दोन भाग, पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न आणि दुसऱ्यात २३ मिनिटांत १५. सेंटेन्स इक्विव्हलन्स या रिकाम्या जागेच्या प्रश्नप्रकारात सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात आणि एक बरोबर एक चूक असेल तर मार्क शून्य. तिथे समानार्थी जोडी दिसली की लोक लगेच टिक करतात, पण ती जोडी वाक्यात बसते का हे आधी बघा, न बसणारी जोडीही मुद्दाम ठेवलेली असते. आधी पर्याय झाकून रिकाम्या जागी स्वतःचा शब्द घाला, मराठी आला तरी हरकत नाही, आणि मगच पर्याय उघडा. निगेटिव्ह मार्किंग नाहीये, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका.