सगळं एकाच बॉक्समध्ये येणारं ५.१ होम थिएटर फ्लॅटसाठी घ्यावं का?

तुम्ही विचारलंय की नाशिकला इंदिरानगरमध्ये २ बीएचके आहे, हॉल साधारण १० बाय १५, टीव्ही ४३ इंची, तर सगळं एकत्र येणारं ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि जड, धमधम आवाजाचा एक वूफर) घ्यावं का नुसता साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा एकच लांब स्पीकर, पुरे. माझ्याकडे पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये असाच सेट बरीच वर्षं आहे, रोज वापरात आहे, त्यावरून सांगतो. घ्या, पण मागचे दोन स्पीकर खरंच मागे लावणार असाल तरच घ्या. बऱ्याच घरांत बघितलंय, वायर नको दिसायला म्हणून पाचही स्पीकर टीव्हीच्या खाली शोकेसमध्ये ओळीने मांडलेले असतात, मग त्या ५.१ चे पैसे कशाला दिले.

लोक वूफर ऐकून सेट घेतात, दुकानवालेही तेच वाजवून दाखवतात. पण घरात रोज कामाला येतो तो मधला, सेंटर स्पीकर. ५.१ मध्ये जवळपास सगळे डायलॉग त्याच्यातून येतात. हल्लीच्या पातळ टीव्हीचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून येतो, त्यामुळे आमची आई सारखी "काय म्हणाला तो?" विचारायची, आम्ही आवाज वाढवायचो आणि पुढच्याच सीनला मारामारी सुरू झाली की सगळे दचकायचे. सेट आल्यावर सेटिंगमध्ये जाऊन फक्त सेंटरची लेव्हल थोडी वर केली, बाकी तसंच ठेवलं, आता आईला एकूण आवाज कमी असतानाही शब्द न् शब्द कळतो. मला विचाराल तर एवढ्यासाठीच सेट घ्यावा.

आता मागचे स्पीकर. सेंटर बरोबर समोर धरला तर हे दोन १०० ते १२० अंशांवर हवेत, म्हणजे तुम्ही बसलात की कानाच्या सरळ रेषेपेक्षा किंचित मागे आणि कानापेक्षा फूटभर वर. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकूनच असतो, मागे जागाच नसते, तर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना एकमेकांकडे तोंड करून लावा, चालतं. वायरसाठी वायरमनकडून स्कर्टिंगच्या वरून पांढरी केसिंग पट्टी मारून घ्या, काही दिसत नाही. सेटबरोबर येणारी वायर पुरते का ते आधी दोरी टाकून मोजा, दाराला वळसा घालून गेलं की माप बरंच वाढतं. आणि सेटिंगमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायचा ऑप्शन असेल तर तो भराच, आवाजाला एक फूट जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, अंतर भरलं नाही तर जवळच्या मागच्या स्पीकरचा आवाज आधी पोचतो आणि सगळं मागूनच आल्यासारखं वाटतं.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते टीव्हीच्या जोडणीत. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआयवर एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने सेटकडे पाठवायची सोय) लिहिलंय त्याच पोर्टात केबल लावा, दुसऱ्यात लावून आवाज येणार नाही. मग टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर (टीव्ही आवाज स्वतःच उलगडून साधा करून पाठवतो तो प्रकार) असेल तर ते काढून ऑटो किंवा पासथ्रू (आवाज आहे तसा सेटकडे सोडणं) करा, कारण साध्या एआरसीवरून पीसीएम दोनच चॅनेल पाठवतं आणि मागचे स्पीकर गप्प राहतात, माणूस समजतो सेटच खराब निघाला. जुन्या टीव्हीला एआरसी नसेल तर ऑप्टिकल केबलनेही डॉल्बी डिजिटल ५.१ (पाच स्पीकर-वूफरचा आवाज दाबून पाठवायचा प्रकार) जातं. ब्लूटूथवरून मात्र स्टीरिओच, गाण्यांपुरतं ठीक आहे. मालिका-बातम्या स्टीरिओमध्ये आल्या तर मागून फार काही ऐकू येणार नाही, त्यात सेटचा दोष नाही, ओटीटीवर ऑडिओमध्ये ५.१ चा ट्रॅक निवडून बघा मग कळेल.

वॉटच्या आकड्यावर जाऊ नका. पीएमपीओ (क्षणभरासाठीचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं असेल तर तो सोडूनच द्या, आरएमएस (सलग मिळणारी खरी ताकद) बघा. वॉट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, तुमच्या हॉलला लहान सेटही भरपूर होतो.

वूफर कोपऱ्यात कोंबू नका, तिथे तो घुमतो, भिंतीपासून थोडा पुढे घ्या. आपल्याकडे खाली विट्रिफाइड टाइल्स, वर स्लॅब, सगळं कडक, आवाज उड्या मारतो, तर जाड पडदे आणि सोफ्यासमोर एक सतरंजी टाकली तरी जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वूफरच्या खाली जाड रबरी मॅट टाका, खालच्यांना होणारा त्रास थोडा कमी होतो, आणि रात्री दहानंतर नाईट मोड लावा, त्यात मोठे आवाज दबतात आणि डायलॉग तेवढेच राहतात. खाली कोणी म्हातारं माणूस किंवा लहान बाळ असेल तर हे करायलाच पाहिजे.

एकत्र सेटची खरी अडचण म्हणजे अॅम्प्लिफायर आणि बाकी सगळं एकाच डब्यात. आमचा डबा एका पावसाळ्यात बंद पडला, सर्व्हिस सेंटरने सांगितलं बोर्ड येत नाही, नवीन घ्या. शालिमारजवळच्या एका रिपेअरवाल्याने उघडून पॉवर सप्लायचे फुगलेले कपॅसिटर बदलून दिले, अजून चालतोय. तो नसता तर पाच चांगले स्पीकर पडून राहिले असते, कारण त्यांचे प्लग कंपनीचे स्वतःचे आणि बरेचदा ३-४ ओहमचे (कमी रोधाचे, म्हणजे अॅम्प्लिफायरवर जास्त भार टाकणारे), साध्या रिसीव्हरला, म्हणजे वेगळ्या विकत मिळणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या डब्याला, तसे लावता येत नाहीत. म्हणून एमजी रोडला बघायला गेलात की मागचे टर्मिनल साधे दाबून वायर घालायचे आहेत का तेवढं बघा, आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. घर भाड्याचं असेल आणि भिंतीला हात लावायची परवानगी नसेल तर मात्र वेगळा सेंटर असलेला ३.१ साउंडबार (फक्त पुढचे तीन आणि वूफर, मागचे नाहीत) घ्या, ५.१ च्या मागे लागू नका.