वाचकांचे प्रश्न : गिनीवरचा घोडेस्वार कोरणारा पिस्त्रुच्ची

प्रश्न (एक वाचिका, सांगली) : आजीकडून आलेल्या १९१८ च्या गिनीवर अजगराशी लढणारा घोडेस्वार आहे. सालाच्या उजवीकडे ‘बी. पी.’ आणि सालाच्या वर ‘आय’ अशी बारीक रोमन अक्षरे दिसतात. त्यांचा अर्थ काय?

उत्तर : ‘आय’ ही मुंबईच्या टांकसाळीची खूण आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा तेथे उघडली गेली आणि १९१८ या एकाच सालाच्या सुमारे १३ लाख गिन्या तेथे पाडल्या गेल्या. ‘बी. पी.’ म्हणजे बेनेदेत्तो पिस्त्रुच्ची. १७८३ मध्ये रोम येथे जन्मलेला हा माणूस मुळात नाणेकार नव्हता. तो रत्नांवर आकृत्या कोरणारा कारागीर होता, आणि ही गोष्ट ध्यानात ठेवली तरच त्याचे नाणेही नीट पाहता येते, असे मला वाटते. १८१५ मध्ये तो लंडनला आला. एका सरदार घराण्यातील स्त्रीच्या कॅमिओसाठी (उठावाची आकृती कोरलेल्या रत्नासाठी) त्याने सेंट जॉर्जची, म्हणजे अजगराशी लढणाऱ्या संताची, आकृती योजली होती. रॉयल मिंटचे प्रमुख विल्यम वेलस्ली पोल यांना ती नव्या सोन्याच्या नाण्यासाठी योग्य वाटली आणि १८१७ च्या सॉव्हरिनवर, म्हणजे आपण ज्याला गिनी म्हणतो त्या नाण्यावर, ती उमटली. आपल्या गिनीवरील घोड्याच्या मानेचा आणि स्वाराच्या उडणाऱ्या झग्याचा उठाव भिंगाखाली पाहावा. इतक्या लहान वर्तुळात शरीराची गोलाई टिकवण्याची ही हातोटी रत्नकामातूनच आलेली आहे.

प्रश्न (एक वाचक, नाशिक) : रत्नासारखा कठीण दगड कोरतात तरी कसा? पोलादाची छिन्नी त्यावर चालते काय?

उत्तर : चालत नाही. अकीक, सार्डोनिक्स, जॅस्पर हे गारेच्या कुळातील दगड असून मोह्सच्या मोजपट्टीवर त्यांची कठीणता ७ च्या आसपास असते, म्हणून साधे पोलाद त्यांच्यावर सहसा ओरखडाही उठवू शकत नाही. रत्न कोरले जाते असे आपण म्हणतो खरे, पण प्रत्यक्षात ते झिजवले जाते. पायाने फिरवल्या जाणाऱ्या यंत्राच्या टोकाला मऊ लोखंडाची बारीक चकती किंवा टोकदार सळई बसवतात आणि तिला तेलात कालवलेली हिऱ्याची पूड लावतात; पूड मऊ धातूत रुतते आणि दगड कापण्याचे काम तीच करते. येथे हत्यार जागेवरच फिरत असते आणि धार लावणारा सुरी चाकाकडे नेतो तसा कारागीर दगडच हत्याराकडे नेतो. तेल आणि दगडाचा चिखल यांमुळे काम चालू असताना फारसे दिसत नाही. खोल कोरलेल्या मुद्रेत तर आकृती उलटी असते, त्यामुळे वारंवार पुसून मेणावर ठसा घ्यावा लागतो. कॅमिओमध्ये आकृती उठावाची असते आणि तेथे दगडाचे थर निर्णायक ठरतात. वरच्या पांढऱ्या थरातून चेहरा काढावा, खालचा तपकिरी थर पार्श्वभूमी म्हणून ठेवावा, आणि पांढरा थर जेथे विरळ होईल तेथे गालाची छाया आपोआप उतरावी, हा सारा हिशेब हात लावण्यापूर्वीच मनात पक्का असावा लागतो. जास्त झिजलेला भाग परत भरता येत नाही.

या कामात पिस्त्रुच्ची किती निष्णात होता, हे ‘फ्लोरा’ नावाच्या कॅमिओवरून कळते. रोममध्ये त्याने तो बोनेल्ली नावाच्या व्यापाऱ्यासाठी कोरला. पुढे तो प्राचीन वस्तू म्हणून रिचर्ड पेन नाइट या नामांकित संग्राहकाच्या हाती गेला. लंडनमध्ये जोसेफ बँक्स यांच्या घरी पिस्त्रुच्चीने तो पाहिला आणि हे काम आपले असल्याचे सांगितले. नाइट यांना ते मान्य झाले नाही, म्हणून त्याने तसाच दुसरा कोरून दाखवला. ही हकीकत मुख्यतः त्याच्याच आठवणींतून आपल्यापर्यंत आली आहे, हे खरे. परंतु मूळ कॅमिओ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तो पिस्त्रुच्चीचाच मानला जातो. या प्रकरणात फसवणुकीचा दोष विकणाऱ्याकडे जातो. कारागिराने आपले नाव लपवले नाही.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : एवढा गुणी माणूस टांकसाळीचा मुख्य कोरणकार का झाला नाही?

उत्तर : तो परदेशी होता, हे मोठे कारण. १८२८ मध्ये ते पद विल्यम वायन यांना मिळाले आणि पिस्त्रुच्चीला मुख्य पदककार असे वेगळे पद देण्यात आले. तत्पूर्वी इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याचे चित्र शिल्पकार चँट्री यांच्या अर्धपुतळ्यावरून नाण्यावर उतरवण्यास त्याने नकार दिला होता. दुसऱ्याच्या कामाची नक्कल त्याला मान्य नव्हती, आणि त्याची ही बाजू मला पूर्णपणे पटते. त्याच्या संथपणाबद्दल मात्र तक्रारी सतत होत राहिल्या. नेपोलियनच्या वॉटर्लू येथील पराभवाच्या स्मरणार्थ विजयी राजांना द्यायच्या पदकाचे काम १८१९ मध्ये सुरू झाले आणि ठसे (पदक पाडण्याचे पोलादी साचे) १८४९ मध्ये हाती आले. तोवर ज्या राजांना ते पदक द्यायचे होते ते सर्व मरण पावले होते. ठशांचा व्यास १३ सेंटीमीटरहून अधिक असल्याने तापवून कठीण करताना ते तडकतील अशी भीती होती. त्यामुळे धातूचे पदक पाडण्याऐवजी मऊ पदार्थावर त्यांची छाप घेण्यात आली. अधिकाऱ्यांनी हा विलंब हलगर्जीपणात जमा केला, परंतु रत्नाच्या सवयीचा हात पोलादावरही रत्नासारखाच, कणाकणाने, काम करत होता, असे पदकावरील दाट आकृत्या पाहून म्हणावेसे वाटते. १८५५ मध्ये विंडसरजवळील एंगलफील्ड ग्रीन येथे त्याचे निधन झाले.