तिन्ही मशीनवरून एकच शेअर्ड फोल्डर: आधी युजर नीट करा

तुम्ही लिहिलंय की विंडोज ११ च्या पीसीवरचा कामाचा फोल्डर शेअर केला, पण मॅक पासवर्ड घेत नाही, उबुंटूवर 'परमिशन डिनाइड' येतं, आणि कुणीतरी सुचवलं की पासवर्डची अट काढून एसएमबी १ (नेटवर्कवरून फायली शेअर करण्याच्या पद्धतीची जुनी आवृत्ती) चालू करा. कृपा करून तसं करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर पसरलं ते विंडोजच्या एसएमबी १ मधल्याच दोषावर. तुमच्या तिन्ही सिस्टिमना एसएमबी ३ येतं, जुन्याची गरजच नाही.

मॅकचं कारण माझ्या अंदाजाने अगदी साधं आहे. पीसी उघडताना तुम्ही चार आकडी पिन टाकता ना? तो पिन फक्त त्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी असतो, नेटवर्कवरून चालत नाही. म्हणून पीसीवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट न जोडता एक वेगळा लोकल युजर काढा. नाव इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, आणि पासवर्ड चांगला लांब. मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये दोन ठिकाणी त्याला हक्क द्या: शेअरिंगमध्ये आणि सिक्युरिटीमध्येही. दोन्हींपैकी जो कडक, तोच लागू होतो. बरेच लोक इथेच अडकतात, कारण एकीकडे 'फुल कंट्रोल' दिसत असतं आणि फाइल मात्र सेव्ह होत नाही.

यानंतर मॅक, दुसरा विंडोज पीसी आणि उबुंटू या तिन्हीकडून याच युजरने आत या. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, एसएमबी, कोलन, दोन तिरप्या रेघा, पीसीचा आयपी (नेटवर्कवरचा आकडी पत्ता), परत एक तिरपी रेघ आणि शेअरचं नाव. दुसऱ्या विंडोजवरून रेघा उलट्या, सुरुवातीचं एसएमबी आणि कोलन नको, बाकी तेच. तिथे १२१९ नंबरचा एरर आला, तर त्या पीसीशी आधीच दुसऱ्या युजरने जोडणी झालेली आहे. जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) नोंदही काढा. राउटरमध्ये पीसीचा आयपी कायमचा बांधून ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी पत्ताच बदललेला असेल.

उबुंटूवर नुसतं बघायचं असेल तर फाइल्स या अ‍ॅपमध्ये मॅकसारखाच पत्ता टाकून भागतं. रोज लागणार असेल तर सिफ्स-युटिल्स हे पॅकेज घालून एफस्टॅबमध्ये (सुरू होताना कोणते फोल्डर जोडायचे त्या यादीच्या फाइलमध्ये) ओळ लिहा, पण पासवर्ड त्या ओळीत नको. तो वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फक्त रूटला (म्हणजे सिस्टिमच्या मुख्य युजरला) वाचता येईल अशी करा. ओळीत तुमचा यूआयडी (उबुंटूवरचा तुमचा युजर क्रमांक) द्या, नाहीतर सगळ्या फायली रूटच्या नावावर दिसतील आणि लिहिता येणार नाही. 'नोफेल'ही घाला, म्हणजे पीसी बंद असला तरी लॅपटॉप सुरू होताना अडणार नाही.

एका मित्राच्या ऑफिसात मी अख्खी संध्याकाळ युजर आणि पासवर्ड बदलत बसलो होतो. शेवटी लक्षात आलं, पीसीने वायफायला 'पब्लिक' मानलं होतं आणि फायरवॉलने ४४५ नंबरचं पोर्ट, म्हणजे एसएमबी ज्या दारातून येतं तेच, बंद ठेवलं होतं. नेटवर्क 'प्रायव्हेट' केलं आणि फोल्डर लगेच उघडला. तुम्ही हे आधीच बघून घ्या.

फायलींना मराठी नावं देत असाल तर अजून एक. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: काहीजण ऱ ला हलंत देतात, काहीजण र ला हलंत देऊन पुढे न दिसणारा जोडक घालतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण विंडोजच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. मग एकाच फोल्डरमध्ये 'दुसऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ' दोनदा दिसतं आणि कुणाच्या फाइलमध्ये शेवटची दुरुस्ती आहे ते कळत नाही. तिघांनीही इनस्क्रिप्ट कीबोर्डच लावा, त्यात शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ येतो.